बिगीबिगी जोडा

...करंगळीच तर हाय की, म्हणत्यात! करंगळीच! अवो, हाताची न्हवं, पायाची करंगळी हाय ती, सगळ्या अंगाचा भार शेवटी तिच्याच डोक्यावर येतोय, आन् दुखायला लागली की माणूस म्हणतंय, एवढीशी तर हाय, तिचं काय कवतिक! या, बसा की, उबं का? आन् हे बघा, मी पाय तुमच्याकडं लांब केलाय त्याचा राग मानू नका. मला रीत कळती, बसल्या माणसाकडं पाय करू न्हाय, पर हा उजवा पाय मांडीत घेतला की असा ठणकतोय, असा ठणकतोय... तवा तुमी समजा ज्ञानबानं तुमाला पायानंच रामराम घातलाय.

तुमाला सांगतो, माणसाला सगळी सोंगं आणता येत्यात, पायाचं सोंग आणता येत न्हाय! पोट दुखत असलं तर माणूस हसून बोलतंय. दात दुखला तर गाल धरून का हुईना, लग्नाच्या पंगतीत जिलेबी खातंय. पर पाय दुखला की लांबनंच कळतंय, ते आलं लंगडं!

आता बघा, माझा बाप. सांगोल्याकडचं आमी धनगर. बाप जलमभर मेंढरांमागं चालला, उन्हातनं, काट्यातनं, खडकावरनं. पायात पायताण असं की त्यात लेकरू निजावं! रुंद, जाडजूड, कराकरा वाजणारं. म्हाताऱ्याचा पाय म्हंजी शेवटपर्यंत भाकरीगत पसरलेला, बोट बोटाला लागत न्हवतं. मी म्हणलं, आपल्याला न्हाय जमायचं हे मेंढरामागं फिरणं, आपण सोलापूरला जाऊ, सावलीत बसून काम करू. आलो. शाळेच्या गणवेशाच्या कारखान्यात शिलाईला लागलो, काज-बटनाला. मांडी घालायची, फरशीवर बसायचं, काज करायचं. उभ्या महाराष्ट्रातल्या पोरांच्या चड्ड्यांची बटनं लावली की मी! आन् झालं काय? बाप जलमभर चालला त्याचा पाय धड, मी जलमभर बसलो आन् माझा पाय गेला! सांगा आता, देवाच्या दारी न्याय हाय का न्हाय?

सुरवात कशी झाली म्हणाल, तर करंगळीच्या बुडाला, बाहीरच्या अंगाला, हरभऱ्याएवढं टेंगूळ. मी म्हणलं, असंल. मग झालं शेंगदाण्याएवढं. मग लाल. मग बूट घातला की आग, नुसती आग! आन् एकदा दुखणं दिसलं की गावात वैद्याला काय तोटा? एक म्हणला कुरूप हाय, बिब्बा लावा. लावला बिब्बा. तो उतला, म्हंजी आता टेंगूळ हाय ते हायच आन् वर फोड! दुसरा म्हणला वात हाय, गरम इटेचा शेक द्या. आमच्या विजयमालानं, म्हंजी आमच्या मंडळींनी, इट तापवली ती इतक्या मायेनं तापवली की मी उडून चौकात! आमी ऱ्हातो कुंभारीला, घरकुलात, भिंतीला भिंत लागून. शेजारची गौरम्मा इड्या वळत दारात बसती ती म्हणाली, "अय्यो, अण्णा, डॉक्टरला दाव की! इटाशी काय भांडतंय!"

शेवटी पोरगीच घेऊन गेली डॉक्टरकडं. आमची पायल. नाव बघा, पोरीचं नाव पायल आन् दुखणं बापाच्या पायाला! डॉक्टरीणबाई लई मायाळू. पाय हातात घेतला, माझ्या अंगावर काटा आला, आपला पाय असा कोण हातात घेतंय का? दाबून बघितलं, फोटो काढला, आन् इचारलं, "काका, काम काय करता?"

म्हणलं, "शिलाई."

तर बाई हसल्याच! म्हणल्या, "मग बरोबर. याला टेलर्स बनियनच म्हणतात."

म्हणलं, "न्हाय बाई, बनियन न्हाय, मी चड्ड्या शिवतो. बनियनचा कारखाना येगळा."

पायल तोंडाला वढणी लावून फुसफुसाय लागली. मग बाईंनी समजावून सांगितलं, हे बनियन इंग्रजीतलं, म्हंजी पायाच्या हाडाचं टेंगूळ. पूर्वीचं शिंपी असंच मांडी घालून बसायचं, पायाची बाहीरची कड फरशीवर दाबायची, तिथलं हाड बाहीर यायचं, म्हणून ह्या दुखण्याला शिंप्याचं नाव. माझ्या काळजात, खोटं कशाला बोलू, जरा बरंच वाटलं. म्हणलं चला, आपल्या धंद्याचं नाव कुटंतरी डॉक्टरी पुस्तकात हाय!

"आता हे हाड काही आत जाणार नाही," बाई म्हणल्या, "पण दुखणं कमी होईल. त्याला जागा द्या. पुढून रुंद बूट घ्या, टोकदार अजिबात नको. बूट संध्याकाळी घ्यायला जा, तेव्हा पाय जरा सुजलेला असतो. कागदावर उभं राहून पावलाचं माप काढा, बुटाचा तळ त्याच्यावर ठेवून बघा, पाऊल बाहेर डोकावलं तर तो बूट तुमचा नाही. आणि फरशीवर बसताना पायाखाली जाड घडी घ्या." म्हणल्या, एवढं केलं तर ऑपरेशनचं नावच काढायला नको.

तुमाला सांगतो, मी शिलाईवाला माणूस! जलमभर पोरांच्या आयांनी मला सांगितलं, "भाऊ, लूज ठेवा, पोरगं वाढतंय." मी लूज ठेवलं. दुसऱ्याच्या पोरांना लूज ठेवून ठेवून माझी बोटं झिजली, आन् माझ्या सोताच्या पायाला कुणी कधी लूज ठेवलं न्हाय!

त्याच बाईंनी आनखी एक दिलं लिहून, बोटांच्या मधी घालायचं. मऊ रबरागत, पांढुरकं, डमरूवाणी मधी बारीक आन् दोन्हीकडं फुगीर. करंगळी आन् तिच्या शेजारणीच्या मधी बसवायचं, म्हंजी दोघी भांडत न्हाईत. "पण रुंद बुटातच हं काका," बाई म्हणल्या, "घट्ट बुटात घातलं तर उलट जास्त दाबेल." हे वाक्य ध्यानात ठेवा. मी न्हवतं ठेवलं.

घरी आलो, बोटात ते डमरू घातलं, ओट्यावर पाय सोडून बसलो. गौरम्मा आली, बघितलं, आन् इडीचं सूप खाली ठेवून वरडली की हो, "अय्यो! अण्णा, मेट्टेलु?" मेट्टेलु म्हंजी तेलगूत जोडवी! "अण्णानं जोडवी घातली!" म्हणत सगळ्या बोळात दवंडी. विजयमाला बाहीर आली, कमरेला हात लावून म्हणती, "इतकी वर्सं संसार केला, आन् आता ह्यांनी जोडवी घातली. मग मंगळसूत्र बी देऊ का काढून?" सांगा, माणसानं दुखणं तरी कुणाला दावावं?

बुटाला गेलो नव्या पेठेत. संध्याकाळीच गेलो, खिशात कागद. दुकानदार म्हणाला, "चचा, इस में तो पाँव तैरेगा आपका!" म्हणलं, "तैरने दे बाबा, बहुत दिन डूबा था!" घेतला. काळा, पुढनं गोल, रुंद, बदकाच्या चोचीगत. दिसायला फावडंच, पर पायात घातला आन्... तुमाला कसं सांगू? करंगळी हालली! आतल्या आत हालली! कितीतरी वर्सांनी तिला मोकळं अंग टाकायला जागा मिळाली. माझ्या डोळ्यात पाणी आलं, बुटाच्या दुकानात! दुकानदारानं पाण्याचा गिलास आणला. म्हणून म्हणतो, सगळी सोंगं आणता येत्यात, पायाचं सोंग आणता येत न्हाय!

बरं, एवढं झालं. सगळं सुरळीत झालं की मग हुतंय काय, तर घरात लगीन निघतंय. पायलचं ठरलं. दुधनीचं स्थळ. सीमेवरचं, तिकडं कुरुब म्हणत्यात, हिकडं धनगर, देव एकच, बिरुदेव. पोरगा अजिंक्य, सालस, मराठी शाळेत शिकलेला. त्याचा बाप नागप्पा, बाजारात आडत. माणूस सोन्यासारखा, पर घरात सगळं कानडी. नागप्पाचं मराठी म्हंजी बाजारातलं, भाव, माप, पोतं, पावती, ह्याच्या पुढं त्याची गाडी गाळात रुतती. आन् त्याची बायको निंगव्वा, तिचं म्हायेर अफझलपूरकडं, तिला मराठीचं अक्षर येत न्हाय. आन् माझी पोरगी, तिला कानडीचं अक्षर येत न्हाय!

ह्याचीच मला झोप येत न्हवती. हसू नका. लेक परक्या घरी जाती हे खरं, पर परक्या भाषेत जाती! तिकडं तिला काय दुखलं, काय खुपलं, तर सांगणार कशी? माझं करंगळीचं दुखणं माझ्याच भाषेत माझ्याच माणसांना सांगताना मला बिब्बा आन् इट भेटली, तिचं काय हुईल? पायल म्हणायची, "आप्पा, मी शिकते की हळूहळू." शिकशील गं, पर तवर?

तर त्यांच्या घराण्याची एक रीत. नवऱ्याकडच्यांनी नवरीच्या बापाला जोडा करून द्यायचा, आन् बापानं त्यो पायात घालूनच मांडवात यायचं. अनवाणी आला, न्हायतर दुसरा घालून आला, तर म्हणं पोरगी मनातनं दिली न्हाय. मी म्हणलं, लई चांगली रीत! आन् शाना झालो हुतो न्हवं आता, कागदावर पावलाचं माप काढून पाठवलं सुदिक. डमरूसकट! म्हंजी काळजीच मिटली.

मग लग्नाच्या तोंडावर नागप्पाचा फोन. मी कारखान्यात, मिशनींचा खडखडाट. तिकडनं, "बीगरे!" बीगरे म्हंजी व्याही. "बीगरे, जोडा कसा पायजे?" म्हणलं माप तर पाठवलंय, कसा म्हंजी काय, लगीन तोंडावर आलंय, लवकर पायजे! म्हणून मी आपलं आपल्या भाषेत वरडलो, "बिगीबिगी पायजे, नागप्पा!"

तिकडनं आवाज आला, "बिगी? याक?"

मी म्हणलं, व्याह्याला गणितात कायतरी घोळ झालाय. याक म्हंजी एक, एकच जोड का दोन, असं इचारतोय. म्हणलं, "व्हय व्हय, याकच! पर बिगीबिगी!"

"बीगरे, खरंच बिगी?"

"एकदम बिगीबिगी!" आन् ठेवला फोन.

जोडा आला, दुधनीच्या एस.टी.नं. लाल मखमलीचा, वर जर, पुढं टोक असं वळवलेलं, विंचवानं नांगी वर करावी तसं! घातला. न्हाय, घातला म्हणू नये, कोंबला. माझा पाय आत जाताना रडला असंल. विजयमाला म्हणाली, "मुद्दाम केलं असंल का वो? तुमची परीक्षा बघाय?" मला बी तसंच वाटाय लागलं. माप पाठवून बी असला जोडा? काय चुकलं आपलं? मानपानात काय कमी पडलं? पायल म्हणाली, "आप्पा, फोन करून सांगा की सरळ." सरळ? अगं, नवरीच्या बापानं लग्नाच्या आदी फोन करून सांगायचं, तुमचा जोडा चावतोय? उद्या तुला तिकडं भाजीत मीठ कमी पडलं तर म्हणतील, हिचा बाप बी असाच कुरकुऱ्या! म्हणलं, करंगळी गेली तर जाऊ दे, पोरीच्या नावाला बोल नको. मन घट्ट केलं. जोडा तर आदीच घट्ट हुता.

आन् लग्नाच्या दिवशी शानपणा बघा माझा! म्हणलं, आत ते डमरू घालावं म्हंजी जरा आराम पडंल. आता डॉक्टरीणबाईंचं ते वाक्य आठवा. दुष्काळात तेरावा महिना! मधनं डमरू ढकलतंय, बाहीरनं मखमल दाबतीय, आन् करंगळी बिचारी मधी, तिनं जावं कुटं?

लगीन दुधनीला, नवऱ्याच्या दारात. वेशीपासनं मिरवणूक. आमचा गजी ढोल लागलेला, धाडधाड धाडधाड! एक पाय टाकला की कळ मस्तकात. म्हणून दुसऱ्या पायावर उडी. परत ह्या पायावर आलो की आई गं, म्हणून हात वर. मागं वाकलो, पुढं झुकलो, कुणाच्या तरी खांद्याला धरलं... आन् पब्लिक! पब्लिक म्हणतंय, "बीगरू नाचायलेत! बीगरू नाचायलेत!" शिट्ट्या! ढोलवाल्यानं ठेका वाढवला! दोघांनी मला धरून रिंगणात घेतलं! माझं तोंड वेदनेनं वाकडं, तर एक म्हातारा म्हणतोय, "बघा, बघा, अंगात आलंय, पोरीच्या लग्नाचा आनंद बघा!" काढलाय म्हणं कुणीतरी व्हिडिओ, अजून फिरतोय. म्हणून सांगतो, सगळी सोंगं आणता येत्यात, पायाचं सोंग... ह्यो एकच दिवस, लोकांनी माझं खरं दुखणंच सोंग समजून घेतलं!

मांडवाच्या तोंडाशी आलो आन् बसलो. म्हंजी बसलो न्हाय, पाय म्हणाला, आता पुरं. उठताच येईना. चारी बाजूला कानडी, कोण वारा घालतंय, कोण कांदा आणतंय नाकाला लावायला. मी हसतोय! दात काढून हसतोय, काय न्हाय, काय न्हाय म्हणतोय. आन् तेवढ्यात मुंडावळ्या बांधलेली माझी पोरगी, हिरवा चुडा, नऊवारीचा सोगा हातात धरून, सगळ्या बायकांच्या मधनं वाट काढत आली. आली ती माझ्याकडं बी न बघता नागप्पाच्या म्होरं उभी ऱ्हायली आन् म्हणाली, "मामा, आप्पांच्या पायात गाठ हाय. त्यांना जोडा बसंना. ते सांगणार न्हाईत, म्हणून मी सांगते."

सासऱ्याशी बोललेलं तिचं पयलं वाक्य ते. माझ्यासाठी बोलली. मी मान खाली घातली, तर जोड्याचं टोक सुदिक दिसंना, डोळं भरलं हुतं.

नागप्पा खाली बसला. एवढा मोठा आडत्या, फेटा घातलेला, जमिनीवर बसला आन् सोता माझा जोडा वढाय लागला. निघंना! दोघांनी मला धरलं, त्यानं जोडा धरला, निघाला त्यो डमरूसकटच. डमरू उडालं ते निंगव्वाच्या पदरात! तिनं उचललं, बघितलं, माझ्या पायाकडं बघितलं, आन् म्हणाली, "कालुंगरा?" आता कानडी मला येत न्हाय, पर तिचं तोंड बघून कळलं, कालुंगरा म्हंजी बी जोडवीच! तीन भाषांत नाव घालवलं त्या डमरूनं!

नागप्पा मातूर कळवळला. "बीगरे, एनातु? कसं झालं हे? तुमीच मनला की, बिगी पायजे!"

म्हणलं, "व्हय की, बिगीबिगी. म्हंजी लवकर."

"लवकर?" त्यानं कपाळावर हात मारला. "आमच्यात बिगी मंजी घट्ट वो! बिगीबिगी मंजी लई घट्ट! जोडेवाला मनला माप मोठं हाय, मी मनलो न्हाय, बीगराला घट्ट पायजे, सगळीकडनं आत घे! मी इचारलो की तुमाला, याक? याक मंजी का! का मनून घट्ट? तर तुमी मनताव, याक याक!"

तुमाला सांगतो, सगळा मांडव हसला. नागप्पा हसला, मी हसलो, हसता हसता दोघं बी रडलो. माणूस म्हणाला, "चार रात मला झोप न्हाय, बीगरे. मी मनलो, ह्यांना आमचा राग आलाय काय, मनून पायाला शिक्षा करून घ्यायलेत." बघा! हिकडं मी म्हणतोय त्यो माझी परीक्षा घेतोय, तिकडं त्यो म्हणतोय मी रुसलोय!

आता रीतीचं काय? तर नागप्पानं पायातली सोताची चप्पल काढली. जुनी, रुंद, घामानं काळी पडलेली, सगळीकडनं सैल. माझ्या पायाम्होरं ठेवली. म्हणाला, "ही बी आमच्याच घरची, बीगरे." घातली. डमरू बसवलं. माझा बाप आठवला. त्या चपलेत मी मांडवात गेलो, आन् व्याही माझ्या बाजूला अनवाणी. तशीच पोरगी दिली.

लेक सासरी ऱ्हायली, आमी कुंभारीला आलो. पर माझी काळजी मिटली न्हवती. अवो, नागप्पाला बाजाराचं तरी मराठी येतंय, तरी असली गत झाली! तिथं घरात दिवसभर कोण? निंगव्वा. आन् माझी पोरगी. म्हणलं, एक शब्द हिकडचा तिकडं झाला तर माझी करंगळी जाती, पोरीचं काय जाईल? रोज फोनची वाट बघायचो. आन् पायलचा फोन आला की एकच, "आप्पा, बरं हाय." आवाज जरा येगळा. इचारलं, "काय दुखतंय का? खुपतंय का?" म्हणाली, "न्हाय आप्पा. पर एक हाय... त्या नारळ लई देत्यात."

नारळ?

"सारखंच. मी काय बी बोलले की नारळ. सकाळी नारळ, दुपारी नारळ. फोडून, किसून, गूळ घालून. मी नको म्हणायला जाते, तर त्यांच्या तोंडावर एवढी माया असती..."

मी अजिंक्यला फोन लावला. पोरगं पोट धरून हसलं. म्हणालं, "आप्पा, पायलला आईचं बोलणं कळलं न्हाय की ती इचारती, 'काय?' आन् आमच्या कानडीत काय म्हंजी नारळ! आई म्हणती, सूनबाईला नारळाचा लई नाद, दुसरं काय मागतच न्हाय बिचारी!"

मी म्हणलं, अरं मग सांग की तुझ्या आईला! तर मागनं पायल वरडली, "नको आप्पा! त्या इतक्या हौसेनं देत्यात, त्यांना वाईट वाटंल." आता बोला! बापानं जोडा सोसला, लेक नारळ सोसती. सांगणार कोण कुणाला? पर तुमाला सांगतो, त्या रात्री मी पाय पसरून झोपलो. मागायच्या आदी देणारी सासू मिळाली पोरीला, भाषा काय, येईल मागनं.

आज पयल्यांदा पायल म्हायेरी आलीया. संगं इहिणबाई, आन् इहिणबाईंच्या संगं टेंपोत... ते बघा, दारात नारळाचं पोतं. आतल्या खोलीत दोन. मोरीत एक. "सुनेचा बाप बी तसाच असणार," म्हणं! माझ्या करंगळीला आता बुटात ऐसपैस जागा हाय, पर घरात पाय ठेवायला जागा न्हाय! आता तुमीच सांगा पाव्हणं, ह्याला मी करू तरी का... श्श्! न्हाय, न्हाय, नको! इहिणबाई दारातच हायत!... व्हय व्हय, बसा बसा, कायच न्हाय... अरारारा! गेलं तोंडातनं... त्या उठल्याच बघा पोतं सोडाय!